नाव नसलेला रस्ता

आमच्या गावात रस्त्याला नाव देताना कुणी फार डोकं चालवत नाही. रस्ता ज्या गावाला जातो त्याचंच नाव रस्त्याला. जालना रोड, जळगाव रोड, पैठण रोड, दौलताबाद रोड. शहराचं स्वतःचं नाव खडकी, फतेहनगर, औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर असं बदलत आलं, पण रस्त्यांच्या नावांना कुणी हात लावला नाही. ते बरंच झालं म्हणा. पण त्यातून एक गंमत होते. दक्षिणेकडून येणारा पैठण रोड शहरात येऊन संपतो आणि तिथून पश्चिमेला दौलताबाद रोड नावाचा दुसराच रस्ता सुरू होतो, असं आपल्याला वाटत राहतं. पुढे त्याचाच वेरूळ रोड होतो, मग कन्नड रोड, मग कन्नडचा घाट. प्रत्यक्षात हा एकच रस्ता आहे. पैठणहून निघून खानदेशात उतरणारा. शहर त्याच्या मधे नंतर आलं.

गेली बरीच वर्षं मी या रस्त्यावर तुकड्या-तुकड्यानं सायकल चालवतो. सगळा मिळून दीडशे किलोमीटरच्या आसपास भरेल. हट्टेकट्टे लोक तो एका दिवसात मारतात, मी दोन दिवस घेतो आणि मधे दोन-चार ठिकाणी चहाही घेतो. इतिहासाची पुस्तकं मी आधी वाचली होती. घराणी पाठ होती: सातवाहन, राष्ट्रकूट, यादव, खिलजी, तुघलक, बहमनी, निजामशाही, मोगल, आसफजाही. पण पुस्तकात घराण्यामागून घराणं येतं आणि प्रत्येकाची राजधानी नकाशावर वेगळा ठिपका होऊन बसते. ते ठिपके एकाच दोऱ्यात ओवलेले आहेत हे मला सायकलवर कळलं. मोटारीत चढ कळत नाही आणि तहान तर मुळीच कळत नाही. या मुलखात राजधानी कुठं बसवायची हे ज्यांनी ठरवलं, त्यांनी मात्र या दोनच गोष्टी बघितलेल्या दिसतात.

तर पैठणपासून सुरुवात करू. पहाटे निघालात तर नाथसागरावरून येणारा वारा पाठीशी असतो (नेहमी नाही, पण असावा असं आपण धरून चालायचं). ढोरकीन, बिडकीन, चितेगाव करत पन्नासेक किलोमीटर रस्ता जवळजवळ सपाट, चढ असेल तो जाणवणार नाही इतका. गोदावरीच्या काठाची काळी माती, कापूस, ऊस, मोसंबी. आता बिडकीनला औद्योगिक वसाहतीचे रुंद रस्ते झालेत, त्यामुळे मधला तुकडा ओळखू येत नाही.

पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं ‘पेरिप्लस’ नावाचं समुद्रमार्गांचं पुस्तक लिहून ठेवलं, त्यात पैठण येतं. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं धाराशिवजवळचं तेर. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तेरहून कापड गाड्यांवर लादून बिनरस्त्याच्या मुलखातून भडोचला जातं, असं तो सांगतो. मी एकदा हिशेब करून पाहिला. भडोच ते पैठण सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, वाटेनं चारशेच्या पुढं. वीस दिवसांना भागलं तर दिवसाला वीस-बावीस किलोमीटर. भरलेली बैलगाडी तेवढंच चालते. म्हणजे त्या ग्रीकाला माहिती देणारा माणूस नुसता थापा मारत नव्हता, त्याच्या गाड्या खरंच या बाजूनं जात होत्या.

मात्र ‘बिनरस्त्याच्या मुलखातून’ हे मला पटत नाही. पैठणहून सव्वाशेक किलोमीटरवर, कन्नडच्या पुढं, डोंगराची कड जिथं खानदेशात कोसळते तिथं पितळखोऱ्याची लेणी आहेत. वेरूळच्या कितीतरी आधीची, इसवी सनापूर्वीची. तिथल्या चैत्यगृहातल्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत, त्यांत प्रतिष्ठानच्या म्हणजे पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाच्या कुळाचं नाव आहे. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. आता विचार करा, पैठणच्या अत्तरवाल्यानं सव्वाशे किलोमीटर लांब, दरीच्या तोंडाशी असलेल्या लेण्याला खांब का द्यावा? त्याची वाट तिथून जात होती म्हणून. घाट उतरण्याआधी त्याचे बैल आणि माणसं तिथं थांबत असणार. रस्ता फरसबंद नव्हता, कबूल. पण ज्या वाटेवर मुक्कामाची लेणी खोदून तयार आहेत ती वाट बिनरस्त्याची कशी?

याच वाटेनं सोळाव्या शतकात पैठणचा एक बारा वर्षांचा मुलगा घरी न सांगता निघाला आणि देवगिरीला पोचला, अशी परंपरा आहे. देवगिरीला निजामशाहीचे किल्लेदार जनार्दनस्वामी होते. तो मुलगा म्हणजे पुढं संत एकनाथ. नाथमहाराजांची ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, पण मी पैठण ते दौलताबाद सलग सायकल चालवली तेव्हा मला प्रथम ते अंतर ऐकू आलं. पासष्ट-सत्तर किलोमीटर. मोठ्या माणसाच्या चालीनं दोन दिवस, पोराच्या चालीनं तीन. गोष्टीत ते एका वाक्यात होतं.

नक्षत्रवाडीच्या पुढं शहर सुरू होतं. इथं इतिहासापेक्षा रिक्षांकडं लक्ष द्यावं. पण एक सांगायला हवं. १६१० मध्ये मलिक अंबरनं खडकी नावाच्या खेड्याच्या जागी हे शहर वसवलं, तेव्हा दौलताबादसारखा बेलाग किल्ला पंधरा किलोमीटरवर त्याच्या हाताशी होता. मग नवीन शहर कशाला? दौलताबादला सायकल लावून उन्हाळ्यात एक चक्कर मारली की उत्तर घशालाच मिळतं. किल्ल्यातला भला मोठा हत्ती हौद बघून छाती दडपते, पण तेवढा मोठा हौद बांधावा लागला यातच सगळं आलं. खडकीला मात्र उत्तरेच्या हर्सूलकडच्या डोंगरांत झिरपणारं पाणी होतं. अंबरनं ते जमिनीखालच्या नहरीनं, उताराच्या बळावर शहरात आणलं. १६१८ च्या सुमारास नहर-ए-अंबरी वाहू लागली. हा मनुष्य हबशी, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादमार्गे दख्खनेत आलेला. ज्याला स्वतःचा मुलूख उरला नव्हता त्यानं परक्या मुलखातलं जमिनीच्या पोटातलं पाणी ओळखलं. मला वाटतं या शहरात त्याच्याइतका उतार कळणारा माणूस नंतर झाला नाही. आमच्याकडं नळाला पाणी किती दिवसांआड येतं हे इथल्या माणसाला सांगायला नको.

छावणी, पडेगाव, मिटमिटा. दौलताबाद टी पॉइंटपासून किल्ला समोर दिसायला लागतो आणि सायकलवाल्याला तो पुढं बराच वेळ दिसत राहतो, मोटारवाल्याला पाच मिनिटं. सपाटीतून एकटा उठलेला, कडे तासून काढलेला तो सुळका. बाराव्या शतकाच्या शेवटी भिल्लम यादवानं राजधानीसाठी ही जागा निवडली, त्याचं कारण खालून बघताना आपोआप कळतं. घाट चढायच्या आधी जो कोणी व्यापारी इथं येईल तो किल्ल्याच्या नजरेतून सुटत नाही.

फरिश्तानं सांगितलेली एक गोष्ट इथं आठवतेच. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी अचानक चालून आला तेव्हा रामदेवरायाचं सैन्य बाहेर होतं. घाईघाईनं किल्ल्यात शिबंदी घेताना कोकणातल्या व्यापाऱ्यांच्या टाकून गेलेल्या गोण्या धान्याच्या समजून आत ओढल्या. वेढा पडल्यावर उघडल्या तर मीठ! शाळेत ही गोष्ट आम्हाला यादवांच्या गाफीलपणाचा दाखला म्हणून सांगितली होती. मला त्यात आता दुसरंच दिसतं. कोकणातलं मीठ बैलांवर लादून देवगिरीच्या पायथ्याशी येऊन पडत होतं. एवढी रहदारीची वाट, एवढी मोठी पेठ. राजाचा घात झाला तोही वाटेवरच्या मालानं.

किल्ला ओलांडला की दिल्ली दरवाजा. रस्ता अजूनही या दरवाज्यातून जातो, एका वेळी एकच मोठी गाडी. दोन्हीकडून गाड्या अडून हॉर्न वाजत असतात तेव्हा सायकल हळूच कडेनं पुढं काढता येते, हे सुख वेगळं. दरवाज्याच्या नावाकडं मात्र लक्ष असू द्या. पुन्हा तोच आमच्या गावचा नियम: ज्या दिशेला तोंड त्या गावाचं नाव.

इथून घाट सुरू होतो. शहरापेक्षा खुलताबादचं पठार अडीचशे मीटरहून जास्त उंच आहे आणि त्यातला बराचसा चढ या काही किलोमीटरमध्ये वसूल होतो. हिवाळ्याच्या तोंडाशी सीताफळांच्या टोपल्या घेऊन बायका वळणावर बसलेल्या असतात. मागं एकदा एका मावशींनी मला धापा टाकताना बघून विचारलं, “दादा, गाडी नाही का तुमच्याकडं?” मी म्हटलं, आहे की. “मग कशाला जीवाला तरास?” यावर पटेल असं उत्तर मला सुचलं नाही. दोन सीताफळं घेतली आणि बसलो.

याच चढावर मला मुहम्मद तुघलकाचा विचार जास्त पडतो. १३२७ मध्ये त्यानं दिल्लीहून राजधानी इथं आणली आणि देवगिरीचं दौलताबाद झालं. आपल्या भाषेत त्याच्या नावाचा अर्थच लहरी कारभार असा होऊन बसला आहे. पण दौलताबादच्या पायथ्याशी उभं राहून बघा. दख्खनेच्या दक्षिणेपर्यंत पसरलेलं राज्य दिल्लीत बसून सांभाळता येत नाही, त्याला दक्षिणेच्या दारात ठाणं हवं, आणि गुजरातकडून, माळव्याकडून येणाऱ्या वाटा जिथं घाट चढून येतात तिथं तयार किल्ला आहे. जागा निवडण्यात वेडेपणा काय होता? वेडेपणा, खरं तर क्रूरपणा, माणसं हलवण्यात होता. इब्न बतूता सांगतो की दिल्ली ते दौलताबाद चाळीस दिवसांची वाट, दुतर्फा झाडं लावलेली, चालणाऱ्याला बागेतून चालल्यासारखं वाटावं अशी, कोसाकोसावर डाकेची ठाणी, आणि लागेल ती वस्तू मिळेल असा जणू चाळीस दिवस लांबीचा बाजार. आणि हाच इब्न बतूता दुसरीकडं सांगतो की दिल्लीतल्या एका आंधळ्याला ओढत दौलताबादला नेलं आणि पोचला तो फक्त त्याचा पाय. पायाची गोष्ट ऐकीव आहे. तो दिल्लीला आला १३३४ मध्ये, सगळं घडून गेल्यावर. सगळी दिल्ली रिकामी केली हेही आता बहुतेक इतिहासकार मानत नाहीत; दरबारी, सरदार, उलेमा, सूफी, कारागीर आणि त्यांचे कुटुंबकबिले आणले गेले. तरी चाळीस दिवस म्हणजे रोज पंचवीस-तीस किलोमीटर. लेकुरवाळ्या बायका, म्हातारी माणसं, आणि शेवटी हा मुलूख. दोन्ही बाजूंना झाडं असली तरी.

त्यातले बरेच जण पुढं परवानगी मिळाल्यावर दिल्लीला परतले. काही राहिले. घाट चढून वर आलं की रस्त्यालगत कागजीपुरा लागतो. तुघलकाबरोबर आलेल्या कागद करणाऱ्यांचं गाव. चिंध्यांच्या लगद्यापासून हातकागद करण्याची विद्या त्यांनी आणली आणि शतकानुशतकं दख्खनच्या दफ्तरांना पुरवली. तिथून पुढं खुलताबाद, जुनं नाव रोजा. दिल्लीहून आलेले सूफी बुऱ्हानुद्दीन गरीब इथं आहेत, दिल्लीचे कवी अमीर हसन सिजजी इथं आहेत. पुढं ज्याला त्याला याच टेकडीवर जागा हवी झाली. मलिक अंबर १६२६ मध्ये गेला, त्याची कबर इथं. औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरला मेला, त्याला इथं आणलं. पहिला निजाम आसफजाह १७४८ मध्ये बुऱ्हाणपूरला गेला, त्यालाही इथंच. अंबरनं ज्या मोगलांशी जन्मभर झुंज घेतली त्यांचा बादशहा त्याच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर झोपला आहे. मुद्दाम आणलेल्यांनी राजधानी सोडली आणि आपण होऊन येणाऱ्यांची मात्र रीघ लागली. हे मला तुघलकाच्या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत विचार करायला लावणारं वाटतं.

आणि पायी चालणं या घाटात अजून संपलेलं नाही. श्रावणातल्या शुक्रवारी रात्री सायकल घेऊन इथं येऊ नका, जागा मिळणार नाही. खुलताबादच्या भद्रा मारुतीला शनिवारी पहाटे पोचायचं म्हणून शहरातून हजारो माणसं रात्रभर चालत असतात. पंचवीसेक किलोमीटर. कुणी अनवाणी, कुणी पोराला खांद्यावर घेऊन, मधे चहा-फराळाचे मंडप. दौलताबादच्या दरवाज्यातून ती गर्दी घोषणा देत आत शिरते तेव्हा तो दरवाजा ज्या कामासाठी बांधला होता ते काम करताना दिसतो.

खुलताबादहून वेरूळपर्यंत उतार. ब्रेक तपासून घ्या. वेरूळबद्दल मी लिहीत नाही, त्यावर ग्रंथ आहेत. एवढंच सांगतो की लेणी डोंगराच्या पश्चिम उतारावर, पायथ्याच्या वाटेकडं तोंड करून दोन किलोमीटर पसरली आहेत आणि बौद्ध, हिंदू, जैन तिघांनी एकाच ओळीत खोदली आहेत. जाणारा-येणारा तिघांनाही हवा होता. लीळाचरित्रात चक्रधरस्वामी इथल्या लेण्यात मुक्काम करून राहिलेले दिसतात. मालोजीराजे भोसले इथले पाटील. घृष्णेश्वराचं आजचं देऊळ अहिल्याबाईंच्या काळातलं. प्रत्येकाला हेच गाव का सापडलं याचं उत्तर पुन्हा रस्त्यातच आहे.

स्पेनमध्ये असाच एक रस्ता आहे. एका मित्राचा मुलगा तिकडं शिकत होता, त्यानं मेरिदा ते सालामांका सायकलवर केलं आणि फोटो पाठवले. रोमनांनी बांधलेला, पैठणचे सातवाहन भरात होते साधारण त्याच काळातला. मधे अरब आले, मग ख्रिस्ती राजे, यात्रेकरू, मेंढपाळ. सगळ्यांनी तोच वापरला. रोमन मैलाचे दगड अजून कडेला उभे आहेत, वळणावळणावर खुणेचे पिवळे बाण, आणि मुख्य म्हणजे त्या सगळ्या रस्त्याला एक नाव आहे: व्हिया दे ला प्लाता. अर्थ ‘चांदीचा रस्ता’ असा लागतो, पण ते मूळच्या एका अरबी शब्दाचं, फरसबंद वाट अशा अर्थाच्या शब्दाचं बिघडलेलं रूप असावं असं जाणकार म्हणतात. आपल्याकडं किल्ल्यावर पाटी आहे, लेण्यावर पाटी आहे, मकबऱ्यावर आहे. रस्त्यावर आहे ती फक्त किलोमीटरची.

आणि हे सांगायची वेळ आत्ताच का, तर या रस्त्याचं काम संपत आलं आहे. समृद्धी महामार्ग २०२२ च्या डिसेंबरपासून माळीवाड्याजवळून जातो, त्याच्यावर सायकलला परवानगी नाही. धुळ्याकडं जाणारा नवा चौपदरी रस्ता दौलताबाद, खुलताबादला बगल देऊन गेला. कन्नडच्या घाटात २०२३ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाच्या आदेशानं जड वाहनांना बंदी आली. दोन हजार वर्षांत पहिल्यांदाच माल या वाटेनं जायचा बंद होतोय. सायकलवाला म्हणून मला आनंद आहे, खोटं कशाला बोलू. पण मोकळ्या झालेल्या रस्त्याचं पुढं काय करायचं ते ठरवणाऱ्यांना रुंदीकरणापलीकडं काही सुचत नाही, याची धास्तीही आहे. अजिंठ्याकडचा जळगाव रोड रुंद करताना कडेची जुनी वडा-लिंबाची झाडं गेली ती आम्ही बघितली आहेत. इब्न बतूतानं ज्याचं कौतुक केलं ती गोष्ट म्हणजे दुतर्फा झाडं. दौलताबादच्या दरवाज्याशेजारून वळणरस्ता काढा, जरूर काढा, पण घाट आहे तसा अरुंद राहू द्या. त्यावर चालणारे अजून आहेत.

वेरूळ ते कन्नड चढ-उताराचा रस्ता, मका आणि आल्याची शेतं, वारा बहुधा तोंडावर. कन्नडच्या पुढं एका वळणावर जमीन एकदम संपते आणि खाली खानदेश पसरलेला दिसतो. हा घाट जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावानं औट्रम घाट म्हणून ओळखला जातो. एकोणिसाव्या शतकात त्यानं खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली होती. या सबंध रस्त्यात एखाद्या माणसाचं नाव मिळालेला हाच तुकडा, आणि ते नाव बाहेरच्याचं.

घाटाच्या पायथ्याशी, चाळीसगावच्या अलीकडं, डोंगराच्या कुशीत पाटण आहे. तिथं १८६५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांना एक शिलालेख मिळाला. यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव, म्हणजे भास्कराचार्यांचा नातू, यानं आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून तिथं मठ काढला, त्याला मिळालेल्या दानाचा हा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा लेख. वरचा भाग संस्कृत आहे आणि शेवटच्या ओळी जुन्या मराठीत. त्या मराठी ओळींत ग्रहांचा किंवा गणिताचा विषय नाही. या पाटणात जो माल उघडला जाईल त्यावर गिऱ्हाइकाकडून सरकारला जो भाग येत होता तो मठाला दिला, असा व्यवहार तिथं लिहिला आहे. म्हणजे सिद्धांतशिरोमणी शिकणाऱ्या पोरांचं जेवण घाटावरून उतरलेल्या गोण्यांवर चालत होतं. पाटणला जायचं तर पावसाळा संपल्यावर जा, ऑक्टोबरात. येताना घाट चढावा लागतो हे लक्षात ठेवा आणि पाण्याच्या दोन बाटल्या जास्त घ्या.